गोणीतलं लोह आणि रक्तातलं लोह

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत 'रेशनवर प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय' अशी आवई उठून गेली. सुपात तांदूळ निवडायला घेतला की मधूनच काही दाणे वेगळे दिसायचे. किंचित पिवळट, गुळगुळीत, सगळे एकाच मापाचे. बायका ते वेचून टाकायच्या. कुणी पाण्यात टाकून बघायचं, कुणी जाळून, आणि त्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरायचे. मग पुरवठा विभागाचा खुलासा यायचा.

दाणे प्लॅस्टिकचे नव्हतेच. तांदळाच्या पिठात लोहाचं संयुग, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळायचं, ते यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकारात काढायचं आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात टाकायचं, असा हा फोर्टिफाइड तांदूळ. सगळ्या सरकारी योजनांत 2024 पर्यंत हाच तांदूळ देऊ, असं पंतप्रधानांनी 15 ऑगस्ट 2021 रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2028 पर्यंतच्या पुरवठ्यासाठी 17,082 कोटी रुपये मंजूर केले. उद्देश एकच, ॲनिमिया कमी करणं.

दाणे वेचून टाकणाऱ्या बायकांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या ताटात काय वाढलं जातंय हे त्यांना आधी कुणी धड सांगितलं नव्हतं, हे मात्र त्या वेळी कुणाला आठवत नाही. माझं भांडण त्या दाण्याशी नाही. ज्या हिशेबातून तो निघाला त्या हिशेबाशी आहे.

एखादा क्षार शरीराला कमी पडतो तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर तो आसपास नाहीच. किंवा तो आहे, पण हाती लागत नाही. पहिल्या अडचणीवर तो बाहेरून आणून घालणं हा उत्तम उपाय आहे. दुसऱ्या अडचणीवरही तेवढंच केलं तर पैसा जातो आणि दुखणं राहतं. आपल्या पोषण धोरणाने या दोहोंत फरक करणंच सोडून दिलंय.

पहिल्या प्रकारचं उदाहरण आयोडीनचं. हिमालयाच्या पट्ट्यात बर्फाने आणि पावसाने मातीतलं आयोडीन हजारो वर्षं धुऊन नेलं. मातीत नाही म्हणून पाण्यात नाही, धान्यात नाही, भाजीत नाही. तिथे गलगंड घरोघरी असायचा. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, गलगंडाचं प्रमाण उतरलं, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आयोडीन दिवसाला लागतं दीडशे मायक्रोग्रॅम. आतड्यात ते जवळजवळ सगळं शोषलं जातं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. मीठ गरीब-श्रीमंत सगळेच खातात आणि कुणीही ते वाटीभर खात नाही. सार्वजनिक आरोग्यात इतकं चोख बसणारं उत्तर क्वचितच सापडतं.

त्या यशाची भुरळ पडली आणि तीच रीत लोहाला लावली गेली. पण आयोडीनच्या बाबतीत ज्या ज्या गोष्टी अनुकूल होत्या, त्यातली जवळजवळ एकही लोहाच्या बाबतीत नाही. लोह आसपास भरपूर आहे. अन्नातलं लोह शोषलं जातं ते शंभरातलं पाच-दहा. आणि जादा झालेलं लोह बाहेर टाकण्याची सोय मानवी शरीरात नाही.

हे समजून घ्यायला उसाच्या फडात जावं. चुनखडीच्या जमिनीत ऊस लावणाऱ्याला 'केवडा' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कोवळ्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, मग सगळं पान पांढुरकं होतं, वाढ खुंटते. कारण लोहाची कमतरता. ती माती बेसॉल्टची, म्हणजे लोहाने भरलेल्या खडकाची झीज होऊन झालेली असते. एकरभर रानाच्या वरच्या वीतभर थरात लोह टनांनी मोजावं इतकं असतं आणि उसाला वर्षभरात लागतं काही किलो. तरी ऊस उपाशी. कारण चुना जास्त, सामू (पीएच) आठच्या पुढे, आणि अशा मातीत लोह विरघळत नाही. विरघळलं नाही तर मुळाला ते घेता येत नाही.

शेतकरी मग दुकानातून हिराकस आणतो. तोही नुसता फेकून चालत नाही, चुनखडीत पडला की बघता बघता तोही न विरघळणाऱ्या रूपात जातो. म्हणून जाणता शेतकरी हिराकस शेणखतात मुरवून देतो, किंवा पाण्यात विरघळवून पानांवर फवारतो. रान पाण्याने तुंबलं असेल तर निचरा बघतो, आणि केवड्याला लवकर बळी पडणारं बेणं पुढच्या वेळी टाळतो. मातीत लोह किती आहे हा त्याचा प्रश्नच नसतो. मुळापाशी ते कसं पोचेल, हा असतो.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. आरोग्य केंद्रातून बाईला ज्या लोहाच्या गोळ्या मिळतात त्यातही तेच. उसाला ते देताना आपण जेवढा विचार करतो, तेवढा ऊस तोडणाऱ्या बाईला देताना करत नाही.

तिच्या ताटात लोह नसतं असंही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह आहे, नाचणीत 4.6, ज्वारीत चारच्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात 0.65. भाकरी, डाळ, पालेभाजी खाणाऱ्या घरात लोहाची बेरीज कागदावर बरी दिसते. पण धान्याच्या आणि कडधान्याच्या सालीत फायटिक आम्ल असतं. ते झाडाच्या उपयोगाचं, बियाण्यात फॉस्फरस साठवून ठेवणारं. माणसाच्या आतड्यात मात्र ते लोहाला आणि जस्ताला बांधून ठेवतं. त्यात जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतात. सकाळी चहात बुडवलेली चपाती हा महाराष्ट्रातल्या कष्टकरी घराचा नाश्ता, आणि लोहाच्या दृष्टीने याहून वाईट जोडी शोधून सापडायची नाही. उलट लिंबू पिळलं, आवळा किंवा पेरू खाल्ला तर 'क' जीवनसत्त्वामुळे तेच लोह चांगलं शोषलं जातं. मोड आणले, पीठ आंबवून आंबील केली, तर फायटिक आम्ल कमी होतं. लोखंडी कढईत आंबट आमटी शिजवली तर थोडं लोह कढईतूनही उतरतं.

हा प्रकार लोहापुरता नाही. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद 1950 च्या दशकाच्या अखेरीस इराणमधल्या शिराझ भागातल्या काही तरुणांवर काम करत होते. वयाने मोठे, पण उंची आणि शरीर लहान मुलांसारखं. आहार मुख्यतः बिनआंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा. पुढे इजिप्तमधल्या कामातून स्पष्ट झालं की जस्ताची कमतरता माणसाचीही वाढ रोखते. गव्हात जस्त होतं. फायटिक आम्लाने ते सुटू दिलं नव्हतं. तोपर्यंत माणसाला जस्त कमी पडू शकतं हेच वैद्यकशास्त्राला पटत नव्हतं.

शरीरात आणखी एक फाटक आहे. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं, आणि आतड्यातून रक्तात किती लोह जाऊ द्यायचं हे ते ठरवतं. शरीरात संसर्ग असला की हेप्सिडिन वाढतं आणि फाटक बंद होतं, कारण जंतूंनाही लोह हवंच असतं. ज्या वस्तीतल्या पोराला महिन्याआड जुलाब किंवा ताप येतो, त्याच्या भातात लोह वाढवून काय होणार? त्या पोरासाठी स्वच्छ पाण्याचा नळ हीसुद्धा लोहाची योजनाच आहे. आरोग्य, पाणीपुरवठा आणि अन्न पुरवठा ही तीन खाती वेगळी असल्यामुळे ती तशी मोजली जात नाही, एवढंच.

आता तांदळाचा हिशेब मांडू. ठरलेल्या मानकाप्रमाणे किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह. माणशी महिन्याला पाच किलो धान्य, आणि ते सगळं तांदूळच धरलं तरी दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. म्हणजे पाच ते सात मिलिग्रॅम लोह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम हवं. भर अगदीच क्षुल्लक नाही, हे मान्य करतो. पण भाताचा रंग आणि चव बिघडू नये म्हणून यात प्रामुख्याने फेरिक पायरोफॉस्फेट वापरतात, आणि ते मुळातच कमी विरघळणारं संयुग आहे. कोक्रेन या संस्थेने 2019 मध्ये तांदळात लोह मिसळण्यावरचे जगभरातले प्रयोग एकत्र करून तपासले. ॲनिमियाच्या धोक्यात फारसा फरक पडत नसावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. हजारो कोटींच्या योजनेसाठी हा पाया भक्कम म्हणता येत नाही.

बी-12 ची गोष्ट तर उलटी आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतंच, दूध-अंडी-मांस-मासळीतूनच मिळतं. त्यामुळे शाकाहारी आणि गरीब घरात ते खरोखर 'आसपास नाही' या प्रकारातलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींना बी-12 कमी निघालं. बाहेरून घालावं असं काही असेल तर ते हेच. पण तांदळात त्याचं प्रमाण किलोमागे 0.75 ते 1.25 मायक्रोग्रॅम. रोजच्या 165 ग्रॅममधून गरजेचा दहावा हिस्साही भरत नाही. जे हाती लागत नाही त्याची गोणीत भर, आणि जे मुळात नाही ते नावापुरतं!

याच पुण्याच्या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. बाळाच्या जन्माच्या वजनाचा संबंध आईने किती उष्मांक किंवा प्रथिनं खाल्ली याच्याशी ठळक दिसला नाही. ती पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाते, याच्याशी दिसला. मेथी-चाकवतात कुठला एक जादूचा क्षार आहे म्हणून नव्हे. भाजीत लोहाबरोबर फोलेट येतं, 'क' जीवनसत्त्व येतं, मॅग्नेशियम येतं, आणि ज्या घरात भाजी येते त्या घरात बाईला ती मिळतेही. शेवटची गोष्ट कुठल्याच तक्त्यात मोजलेली नसते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेलं खाणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा येतो, भाजी नाही.

आता गडचिरोलीकडे. फोर्टिफाइड तांदळाच्या पथदर्शी योजनेत महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा हाच. भात खाणारा, गरीब, ॲनिमिया जास्त, म्हणून निवड तर्काला धरून वाटते. पण हा सिकलसेलचा पट्टा आहे आणि राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटाही इथलाच. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतं ते लोह नसल्यामुळे नव्हे, तांबड्या पेशी वेळेआधी फुटत असल्यामुळे. वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्याच्या अंगात तर लोह साठत जातं. म्हणूनच थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, सिकलसेलच्या रुग्णांनी घेऊ नये, अशी सूचना लोहयुक्त अन्नाच्या पाकिटावर छापायचा नियम होता. रेशनचा तांदूळ सुटा मिळतो, तो वजन करून पिशवीत ओततात. सूचना वाचायची कुठे? 2024 मध्ये ती सूचनाच रद्द झाली. तांदळातलं प्रमाण इतकं थोडं आहे की अपाय होण्याजोगा पुरावा नाही, असं त्याचं समर्थन. असेल. पण मग हेच थोडं प्रमाण ॲनिमिया हटवायला पुरेसं कसं, याचंही उत्तर त्याच तोंडाने द्यावं लागेल.

मलेरियाबद्दल तर सावधगिरीचा इशारा जुना आहे. झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर लहान मुलांना लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचं 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. गोळीतला डोस तांदळातल्यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून दोन्ही एका मापाने तोलता येणार नाहीत. तरी मलेरियाच्या जिल्ह्यात ज्याला नको त्याला साधा तांदूळ मागून घेता यावा, एवढी मुभाही ठेवू नये हे मला समजत नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्सचे डॉ. अनुरा कुरपड यांच्यासारखे पोषणशास्त्रज्ञ गोळ्या, मीठ, पीठ, तांदूळ असे लोहाचे थर एकावर एक चढवण्याविरुद्ध सातत्याने लिहीत आले आहेत. त्यांचा मुद्दा खोडून काढला गेलेला नाही, बाजूला सारला गेलाय.

रोगाचं मोजमापही वादातलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला महाराष्ट्रातल्या 48 टक्के स्त्रिया ॲनिमिक होत्या, 2019-21 ला 54.2 टक्के. ही पाहणी बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर होते. शिरेतून रक्त घेऊन 2016-18 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमधला ॲनिमिया 41 टक्क्यांच्या आसपास निघाला, कुटुंब पाहणीत मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा 58.6 होता. म्हणजे समस्या खोटी आहे असं मुळीच नाही. पण बाळंतपणं, पाळीतला रक्तस्राव, जंत, संसर्ग, बी-12, सिकलसेल आणि लोह अशा सात कारणांच्या दुखण्याला आपण एकाच कारणाचं औषध लावतोय.

याचा अर्थ 'आजीची भाकरी खा, सगळं ठीक होईल' असा काढणाऱ्यांशीही माझं जमत नाही. आजीच्या काळात बाया बाळंतपणात मरत होत्या, आणि त्यातल्या कितीतरी भाकरी खाणाऱ्याच होत्या. बाजरीत फायटिक आम्ल भरपूर असतं, ते वर आलंच. 'नैसर्गिक खनिजांनी समृद्ध' असं छापून हजार रुपयांना विकल्या जाणाऱ्या भुकट्या तर याच अडाणी हिशेबाची श्रीमंत आवृत्ती. डब्यावर किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं, अंगी किती लागेल ते कुणी लिहीत नाही.

पण भाकरीवर काम करता येतं, आणि ते आपल्याच राज्यात झालंय. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी निवड पद्धतीने जास्त लोहाचं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण काढलं. ते 2012 मध्ये महाराष्ट्रासाठी आणि 2014 मध्ये देशासाठी आलं. नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमधल्या 12 ते 16 वयाच्या 246 मुलामुलींना सहा महिने दोन वेळा बाजरी खाऊ घातली, निम्म्यांना लोहयुक्त, निम्म्यांना साधी. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढला. ज्यांना सुरुवातीला लोह कमी होतं त्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटापेक्षा 1.64 पट होती. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड वर्षांपर्यंतच्या मुलांवर असाच प्रयोग झाला तेव्हा एकूण गटात ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. बहुधा संसर्गाचं फाटक तिथे आडवं आलं असावं, हा माझा अंदाज. तरी या वाटेत एक गोष्ट बरी आहे. भाकरीबरोबर मॅग्नेशियम, जस्त, तंतू येतात, आणि पैसा यंत्राच्या कारखान्याकडे न जाता कोरडवाहू शेतकऱ्याकडे जातो.

तेव्हा करायचं काय? अन्नसुरक्षा कायद्यात 2013 पासूनच भरडधान्याची तरतूद आहे, एक रुपया किलोने, आता तर फुकट. 2023 साल भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कार्डांवर मात्र गहू आणि तांदूळच येत राहिला. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू पडतं, साठवण अवघड, हे खरं. पण रेशनवर दाणा द्यायचाय, पीठ नव्हे. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात तिथलीच खरेदी तिथेच वाटली तर वाहतूकही वाचते. त्याच कार्डावर महिन्याला किलोभर डाळ आली, तर ती तांदळात मिसळलेल्या कुठल्याही भुकटीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि अंडं. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला, शाळांनी लोकसहभागातून बघावं म्हणून सांगितलं. वाचले वर्षाला सुमारे 50 कोटी. अंड्यातलं लोह फारसं शोषलं जात नाही, म्हणून ॲनिमियाच्या चर्चेत ते येत नाही. पण त्यात बी-12 आहे, 'अ' जीवनसत्त्व आहे, उत्तम प्रथिनं आहेत, आणि मूल ते आवडीने खातं. एका अंड्यातलं बी-12 हे तांदळातून दिवसभरात मिळणाऱ्याच्या दुपटीहून जास्त असतं. ज्याला अंडं चालत नाही त्याला दूध द्या, केळं द्या. लोकसहभाग मागायचाच तर तो शिपायाच्या खुर्चीसाठी किंवा कमानीच्या रंगासाठी मागावा, पोराच्या ताटासाठी नव्हे.

फोर्टिफाइड तांदळाच्या बाजूने सर्वात वजनदार युक्तिवाद पोहोचीचा आहे. रेशन ऐंशी कोटी लोकांपर्यंत जातं, खर्च किलोमागे रुपयाच्याही आत, आणि लोकांच्या सवयी बदलायला लागत नाहीत. खरं आहे. पण गोणी पोचली म्हणजे लोह पोचलं, हे गृहीतच तपासायचं राहिलंय. पुढचा निधी टाकण्याआधी काही जिल्ह्यांत शिरेतलं रक्त घेऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) आणि बी-12 तपासा. हा तांदूळ दोन वर्षं खाल्लेल्यांचं आणि न खाल्लेल्यांचं वेगवेगळं, निकाल जिल्हावार जाहीर करून. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी आधी आणि तांदळाची सक्ती नंतरही नको. फरक दिसला तर मी हा लेख मागे घेईन. दिसला नाही तर ते 17,082 कोटी डाळ, भरडधान्य आणि अंड्यांकडे वळवायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.